चार सूत

भागोजीच्या दुकानात पायताण घालून शिरायची कुणाची छाती नव्हती. पोलादपूरच्या नाक्यावर, जिथून एक रस्ता महाबळेश्वरच्या घाटाला लागतो, तिथं त्याचं पत्र्याचं दुकान होतं. घाट चढायच्या आधीच ज्यांचा दम निघाला ते ट्रक आणि घाट उतरता उतरता ज्यांचे ब्रेक गेले ते ट्रक, दोन्ही त्याच्याच दारात येऊन उभे राहत. ड्रायव्हर असो, मोठा बागायतदार असो, की कचेरीतला शिपाई असो, वहाणा पायरीवर काढायच्या आणि मग आत यायचं. कारण आत ऐरण होती. भागोजी काही जातीचा लोहार नव्हे. वरच्या वाडीतला नाचणी-वरीचा शेतकरी, मुंबईत गिरणीच्या वर्कशॉपात बारा वर्षं फिटरकी शिकून आलेला. पण ऐरणीला तो देव मानायचा, आणि एकदा मानलं म्हणजे मानलं. हट्टी माणसाच्या देवाचा धाक देवापेक्षा त्या माणसामुळेच जास्त असतो.

या हट्टापायी त्यानं पोटचा पोरगा सहा वर्षं गमावला होता. कुशाबा मुंबईहून खंडेनवमीला घरी आला होता. हत्यारं पुसून, झेंडू वाहून मांडलेली. पोरगा नवे कोरे काळे बूट घालून तसाच तडातडा आत आला आणि ऐरणीपाशी उभा राहिला. त्याला आईबापाला बूट दाखवायचे होते, दुसरं काही नाही. भागोजीनं चार गिऱ्हाइकांदेखत ते त्याच्या पायांतून काढायला लावले आणि मागच्या ओढ्यात भिरकावले. कुशाबा अनवाणी यष्टीत बसला. पुढं सणावाराला आईच्या नावानं पत्र यायचं. त्यात 'आबांना नमस्कार' एवढंही नसायचं. रंगूबाई ते पत्र शेजारच्या पोरीकडून वाचून घ्यायची आणि भागोजी तेवढ्यात उगाच कानस शोधायला लागायचा.

चैत्रातल्या एका सकाळी भागोजीनं मान वर केली तर पायरीवर बूट होते. काळे, चकचकीत, टाचा भिंतीला लावून नीट शेजारी शेजारी ठेवलेले. असे बूट पोलादपुरात कुणाचे नव्हते. मग त्याला पायरीवर उभे असलेले दोन गोरे, मऊ पडलेले पाय दिसले. शहरात राहिलेल्या माणसाचे पाय असे होतात.

"आत येऊ का, आबा?" कुशाबानं विचारलं.

भागोजीला बोलायचं खूप होतं. पण त्यानं फक्त मान हलवली. पोरगा सांगितल्याशिवाय बूट काढून आला, यातच सगळं आलं असं त्याला वाटलं. आणि खरंच आलं होतं. पण पुढं काय काय व्हायचं तेही त्यातच आलं होतं, हे त्याला त्या वेळी कोण सांगणार.

कुशाबाबरोबर प्रेताच्या पेटीएवढी एक लांब काळी पेटी होती. तिच्यातून त्यानं जे काढलं ते बघून नाक्यावरचे चार रिकामटेकडे पायरीवर जमले. आडवी फळी, तिच्यावर दहा तारा, खाली चार पाय, आणि पायांच्या मधल्या दांडीवर तीन पायडलं.

"ही गिटार," कुशाबा म्हणाला. "पाट्यासारखी आडवी ठेवून वाजवायची. हातात लोखंडाची कांडी धरून तारेवरनं फिरवायची. आन् हे पायडल दाबलं का ही सळई खाली ओढते, वरची तार ताणली जाते, सूर चढतो. एका गोऱ्या सायबाची व्हती. तो गेला आपल्या मुलखात, जाताना मला देऊन गेला. त्याची पेटी चार वर्षं मीच उचलली व्हती ना."

"मंग काय बिघडलं हिचं?"

"साहेब ताडमाड. मी हा असा. हिचे पाय सुताराकडनं कापून घेतले, तर आता सळया लांब पडल्या. पायडलं भुईला टेकतात, दबतच नाईत. सळया कापून टोकाला नटाचे नवे आटे पाडायचे हायत."

गोष्ट एवढीच होती. पण तिला एक तारीख होती. महाबळेश्वरच्या एका मोठ्या हॉटेलात उन्हाळ्याच्या सीझनला बँड वाजायचा. त्यात कुशाबाला आजवर पेट्या उचलायचंच काम होतं. या वर्षी बँडमास्तरनं त्याला वाजवायला बसवायचं कबूल केलं होतं. शनिवारी पहिली संध्याकाळ. ती निभली तर सीझनभर, आणि सीझन निभला तर मुंबईला त्याच बँडात कायमचा. आज बुधवार होता.

दुपारी भागोजी हात धुवायला मागं गेला, तेव्हा चुलीपाशी मायलेकांचं बोलणं चाललं होतं.

"मुंबईत या सळया कापणारा कोण गावला नाय का रे तुला?" रंगूबाई विचारत होती.

"रग्गड हायत गो आये. सुतारच म्हणाला, शेजारच्या लेथवर तासाभराचं काम हाय. मीच नको म्हटलं. हे आबांच्या हातचं असू दे."

भागोजी हात न धुताच परत फिरला. त्याचे डोळे भरून आले होते आणि हात तेलकट असल्यामुळं पुसायचीही सोय नव्हती. असलं काम करीन, असलं करीन, की महाबळेश्वरच्या साहेबानं विचारावं हे कुणी केलं, असं तो मनाशी म्हणाला.

कामाला तो देवपूजेसारखा बसला. कुशाबाला स्टुलावर बसवलं, गिटार मांडीवर आणली, उजवा पाय पायडलावर ठेवायला लावला. स्वतः भुईवर आडवा झाला आणि एक एक सळई हातानं वर सरकवत गेला. पाय कुठं सुखानं बसतो, गुडघा वरच्या फळीला कुठं लागतो, सगळं बघितलं. मापाच्या बाबतीत भागोजीला कुणी शिकवावं असं नव्हतं. एका इंचात आठ सूत, आणि त्याच्या डोळ्यातून अर्धं सूतही निसटत नसे. त्याचा त्याला भारी ताठा होता.

"इथं," तो म्हणाला आणि कानशीच्या कोपऱ्यानं खूण केली. "गुडघ्याच्या वर दोन सूत जागा. पाय ठेवला का पायडल तळव्याला आलं पायजे. मधी हवा नको."

कुशाबानं पाय दोन-तीनदा दाबून बघितला. "जरा ढिलं ठेवा ना, आबा. चार सूत तरी."

"कशापायी?"

कशापायी ते त्याला सांगता आलं नाही. साहेबाची पेटी त्यानं चार वर्षं उचलली होती, लावली होती, पुसली होती. साहेब उठून गेल्यावर चोरून वाजवलीही होती. त्यातून कुठलंतरी शहाणपण त्याच्या अंगात आलं असेल, पण तोंडात आलं नव्हतं. "असंच," तो म्हणाला. "असावं म्हणून."

भागोजी हसला. सहा वर्षांत पहिल्यांदाच पोरासमोर हसला. "चार सूत ढिलं म्हंजे बैलगाडी झाली रे. ढिलं काम भागोजीच्या दुकानातनं जात नाय. तुला नाय कळायचं त्यातलं."

आणि कुशाबानं मान डोलावली. सहा वर्षांनी बाप हसला होता. चार सुतांसाठी कोण वाद घालील?

सळया तीनच होत्या, बोटाच्या निम्म्या जाडीच्या, वरच्या टोकाला आकडा आणि खालच्या टोकाला आटे. भागोजीनं त्या चामड्यात गुंडाळून पकडीत आवळल्या, ओरखडाही उठू नये म्हणून. करवत हलक्या हातानं चालवली. तुकडा खाली पडला की तो उचलून बाजूला ठेवी, दुसऱ्या सळईच्या तुकड्याशी लावून बघे. मग कानशीनं टोकाची धार मारली. गिरणीतून येताना आणलेली आटे पाडायची डाय त्यानं तेलकट फडक्यातून काढली. ती बारीक आट्यांची होती, पोलादपुरात तिचं काम कधी पडलं नव्हतं. साहेबाचा नट तिच्या आट्यांना बरोबर जुळला तेव्हा त्यानं ऐरणीला हात लावून कपाळाला लावला. अर्धा वेढा पुढं, पाव वेढा मागं, खोबरेल तेलाचा थेंब, पुन्हा अर्धा पुढं. घाई केली तर आटा फाटतो. लोखंडाची किसलेली बारीक भुकटी तेलातून ओघळत होती. तीन सळयांना दोन दिवस घेतले त्यानं. दारात ट्रकवाले ओरडत उभे होते, त्यांना ओरडू दिलं.

शुक्रवारी संध्याकाळी सळया चढल्या. नट फिरले ते असे, जणू तिथंच जन्मले होते. कुशाबा अनवाणी स्टुलावर बसला आणि पायडल दाबलं. तार ताणली, सूर वर सरकला आणि पाय उचलताच पुन्हा जागेवर आला. पोलादपुरात वीज आली नव्हती आणि ही गिटार विजेवर बोलणारी, म्हणून आवाज अगदी चिलटाएवढा. भागोजीनं गुडघ्यावर बसून फळीला कान लावला. रंगूबाईनं दुसऱ्या बाजूनं लावला. मधे पोरगा वाजवत होता. त्या घरात एवढं सुख त्याआधी कधी बसलं नव्हतं, आणि नंतर तर नाहीच.

शनिवारी दुपारच्या यष्टीनं कुशाबा पेटी घेऊन वर गेला. भागोजी मागाहून जाणार नव्हता. पण तीन वाजता त्यानं धुतलेला सदरा घातला, फेटा बांधला आणि चहाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी चढून बसला. आपल्या हातचं काम विजेवर कसं बोलतं ते त्याला ऐकायचं होतं.

हॉटेलच्या पुढच्या दारानं त्याला कोण आत घेणार? पण वाडीवरचा हैबती तिथं मुदपाकखान्यात भांडी घासायला होता. त्यानं त्याला स्वयंपाकघराच्या आणि दिवाणखान्याच्या मधल्या दाराशी उभं केलं. "हितनं बघ. पुढं सरू नको, काका," तो म्हणाला. दाराच्या काचेतून दिवे दिसत होते, पांढऱ्या चादरींची टेबलं आणि त्यांच्यापलीकडं बँड. पाच माणसं, पाचांचे काळे कोट, पाचांचे काळे बूट. कुशाबा सगळ्यात कडेला. बूट दिव्यात चमकत होते. भागोजीला ते बघून अभिमान वाटला, आणि दुसऱ्याच क्षणी त्याची नजर त्या बुटांवरच खिळली. अजून एक सूरही वाजला नव्हता. पण माप घेणारा माणूस होता तो. त्याच्या डोळ्याला बुटाचा तळ दिसला. जाड, दुहेरी चामड्याचा. चार सुतांचा.

अनवाणी पायाला माप घेतलं होतं.

पहिलं गाणं पायडलाशिवायचं होतं, ते निभलं. दुसऱ्यात कुशाबानं पाय दाबायला उचलला आणि गुडघा फळीला आदळला. 'ठक' असा आवाज विजेवरून सगळ्या दिवाणखान्यात गेला. तो जरा मागं सरला, पुन्हा दाबायला गेला. बुटासकट पाय त्या जागेत मावेच ना. गुडघा अडकला, गिटार पुढच्या पायांवर उचलली गेली, आणि जो सूर चढायचा तो मधेच, अर्ध्या वाटेवर लोंबकळत राहिला. एका टेबलावर कुणीतरी हसलं. बँडमास्तरनं न वळता हात हलवून गाणं पुढं रेटलं. कुशाबा बूट आडवा करून बघत होता, टाच काढून बघत होता. काचेमागं बापाचा पाय आपोआप तसाच वाकडा होत होता.

तिसऱ्या गाण्याआधी कुशाबा खाली वाकला आणि त्यानं बूट काढले. मोजे काढले. मग वाजवलं.

आणि काय वाजवलं. तो सूर चिलटाएवढा नव्हता. तो दिव्यांमधून, भिंतींमधून, भागोजीच्या छातीतून निघाला. पायडल दबत होतं, तार चढत होती, मापात तसूभर चूक नव्हती. भागोजी रडत होता. दाराजवळच्या टेबलावरची एक बाई मात्र वाजवणाऱ्याच्या हाताकडं बघत नव्हती. ती चादरीवरून वाकून त्याच्या पायांकडं बघत होती. तिनं नवऱ्याला दाखवलं. नवऱ्यानं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर बँडमास्तरच्या कानाशी लागला. चौथ्या गाण्याला कडेची खुर्ची रिकामी होती.

मागच्या दारी, राखेच्या ढिगापाशी, कुशाबा बूट हातात घेऊन उभा होता. बँडमास्तर सिगारेट ओढत होता. वाईट माणूस नव्हता तो.

"मास्तर, मी बाप याचा," भागोजी हात जोडून म्हणाला. "माप माझं चुकलं. दोन दिस द्या, नव्या सळया करून आणतो."

"बाबा, मैं तो देता. हॉटेलवाला नहीं देता," बँडमास्तर म्हणाला. "नंगे पाँव बोला, तो उसके लिए बात खतम. कल बम्बई से दूसरा आदमी आएगा." त्यानं कुशाबाच्या खांद्यावर हात ठेवला, काढला, आणि आत गेला.

भागोजीला वाटलं, आता पोरगा बोलेल. चार सूत म्हणालो होतो, म्हणेल. ओढ्यात बूट फेकलेत ते उकरून काढील. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर भागोजीनं त्या झेलल्या असत्या, बरं वाटलं असतं. पण कुशाबा तिथंच खाली टेकला. बसून त्यानं मोजे चढवले, बूट चढवले, नाड्या बांधल्या.

"तुमचं नाय चुकलं, आबा," तो शेवटी म्हणाला. "मीच बूट काढून बसलो."

सकाळच्या यष्टीनं दोघं घाट उतरले. पेटी टपावर. सगळ्या वळणांवर भागोजी बोलायला तोंड उघडत होता आणि वळण संपलं की मिटत होता. पोलादपुरात उतरून त्यानं दुकानाचं दार लोटलं आणि मागं वळला. कुशाबा पायरीखाली उभा होता. पेटी त्यानं पायरीवर ठेवली होती.

"ये ना आत. च्या घे. आईला भेट."

"राहू दे. बूट घातलेत," कुशाबा म्हणाला.

तसाच ये, असं म्हणायचं होतं. दोन शब्द. जन्मभर जी जीभ नुसती 'पायताण बाहेर' एवढंच म्हणत आली, ती ऐनवेळी वळली नाही. तोवर महाडकडची यष्टी लागली. रंगूबाई पदर सावरत मागच्या दारानं धावत आली तेव्हा पायरीवर पेटी होती आणि रस्त्यावर नुसती धूळ.

त्या आठवड्यात भागोजीनं महाडहून तसलीच सळई आणवली आणि तीन नव्या सळया केल्या. चार सूत लांब. आटे पाडले, नट लावले, गिटारीला चढवून बघितल्या. मग शेजारच्या पोरीला बसवून कार्ड लिहून घेतलं: सळया तयार आहेत, ढिल्या केल्या आहेत, तू ये. आयुष्यात पोराला घातलेलं हे त्याचं पहिलं कार्ड. त्यात 'बुटांसकट आत ये' अशी आणखी एक ओळ घालायची होती, पण त्या पोरीसमोर ती सांगायची त्याला लाज वाटली.

महिन्यानं उत्तर आलं. या खेपेला आईच्या नावानं नव्हे, बापाच्या. पोरीनं वाचून दाखवलं: 'आबांस नमस्कार. मी गोदीत हमालीला लागलो आहे. गिटार आता होणार नाही. पेटी विकून टाकावी किंवा मोडीत घालावी. तुम्ही मनाला लावून घेऊ नये.' सहा वर्षं ज्या नमस्कारासाठी भागोजीचे कान टवकारलेले असायचे तो हा असा आला. त्यानं पोरीच्या हातून कार्ड घेतलं आणि कानस शोधायला लागला. कानस त्याच्या हातातच होती.

पेटी त्यानं विकली नाही, मोडीतही घातली नाही. ती भिंतीला उभी राहिली. पाऊस गेला, भात कापून झालं, खंडेनवमी आली. भागोजीनं हत्यारं पुसली, झेंडू वाहिला.

दुपारी कोंडाजी गुरुजी आले. हे शाळेवर नवे बदलून आलेले, बुटके, भिडस्त गृहस्थ. नवी सायकल घेतली होती. सीट अगदी खाली बसवली तरी उंचच पडत होती, तिची दांडी कापून हवी होती. सणाचा दिवस, आत फुलं वाहिलेली. गुरुजींनी न सांगता बूट पायरीवर काढले आणि धोतर सावरत अनवाणी सायकलीवर चढून बसले, माप द्यायला.

भागोजी त्यांच्या पायाकडं बघत राहिला. हातातली सुताची पट्टी त्यानं खाली ठेवली. पायरीपाशी गेला, वाकला, आणि गुरुजींचे धुळीनं भरलेले बूट दोन्ही हातांत उचलले. ते तसेच धरून तो आत आला, ऐरणीसमोरून, फुलांसमोरून आला, आणि त्यांच्या पायापाशी बसला.

"अहो, हे काय करता? सण आहे आज," गुरुजी अवघडून म्हणाले.

"पाय द्या इकडं," भागोजी म्हणाला. "आदी बूट घाला. मंग माप घेऊ."